हॉल बघण्यासारखा, घर राहण्यासारखं

पारनेर तालुक्यात घराचं बजेट बँकेपेक्षा कांदा जास्त ठरवतो. बाजार समितीत भाव सापडला, वाटाण्याचे दोन तोडे बरे निघाले, किंवा मुंबईत आयुष्य काढलेल्या थोरल्या भावाने फंडाच्या पैशातून काही पाठवलं, की दोन वर्षं उघड्या विटांनी उभ्या असलेल्या घराला गिलावा चढतो. स्लॅब, जिना, टाकी, बोअर यांत पैसा कधी गेला ते कळत नाही. शेवटी हाताशी उरतात तीन-चार लाख आणि मोबाईलवर पाहिलेला एक हॉल.

तो हॉल आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्याच्या खाचेतून पाझरणारा प्रोफाइल लाइट, टीव्हीच्या मागे इटालियन संगमरवरासारखी दिसणारी आठ बाय चारची यूव्ही शीट, शेजारी लाकडाचा भास देणाऱ्या चारकोल पॅनलच्या पट्ट्या, मधून सोनेरी पट्टी. खाली मोरबीची चकचकीत टाइल. सुप्यात, शिरूरला, नगरला हे सगळं दुकानात तयार मिळतं, आणि खऱ्या संगमरवराच्या, खऱ्या सागाच्या तुलनेत ते स्वस्तच आहे. तुटपुंज्या पैशात थाट आणायची ही हौस रास्त आहे का, आणि असेल तर पैसा लावायचा कुठे, याचा विचार मात्र बहुतेक वेळा कारागीर दारात येऊन उभा राहिल्यावर होतो.

पहिला आक्षेप ठरलेला: हा सगळा दिखावा. साधेपणाचा धडा या तालुक्याला बाहेरून आणावा लागत नाही. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यादवबाबांच्या मंदिरातल्या छोट्या खोलीत वर्षानुवर्षं राहिले, हे देशाला ठाऊक आहे. पण एकट्या माणसाने स्वखुशीने पत्करलेला साधेपणा वेगळा आणि धाब्याच्या गळक्या घरात पातेली मांडून काढलेले पावसाळे वेगळे. ज्याने दुसरं भोगलंय त्याला पहिल्याचा उपदेश करणं शोभत नाही. त्यात आता शेती करणाऱ्या मुलाचं लग्न जमवणं म्हणजे दिव्य झालंय. पाहुणे येतात, पाणी पितात, आणि बोलणी पुढे न्यायची की नाही ते निम्मं हॉलमध्ये बसल्या बसल्याच ठरवतात. अशा बापाने टीव्हीच्या भिंतीवर चाळीस हजार घातले तर त्याला उधळ्या म्हणण्याआधी थोडं थांबावं.

आणि दिखावा म्हणावा, तर आपले वाडे तरी काय होते? जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे, पळशीला होळकरांच्या दिवाणांचा, पळशीकरांचा लाकडी कोरीवकामाचा वाडा आहे. दोन्ही याच तालुक्यात. एकूणच मराठी वाड्यांची रीत बघा. दर्शनी बाजूला घडीव चिरे, पाठीमागे ओबडधोबड दगड. जोतं काळ्या पाषाणाचं, वर चढत गेलं की विटा. चौकातले सुरूदार खांब आणि त्यांवरच्या महिरपी या मूळच्या मोगली घाटाच्या. शाहजहानच्या काळात आग्र्या-दिल्लीकडे त्या संगमरवरात घडल्या, आपल्याकडे सुतारांनी त्या सागवानात उतरवल्या. म्हणजे सरदारही हिशेब बघत होते, आणि नक्कलही मनापासून करत होते.

नकलेवर सगळ्यात कडक बोलला तो व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लूज. १८९८ साली त्याने नियमच घालून दिला होता, की वरून लावलेल्या आवरणाने आतल्या पदार्थाचं सोंग घ्यायचं नाही; लाकडाला हवा तो रंग द्या, फक्त लाकडाचा देऊ नका. ऐकायला चोख आहे. पण याच लूजने १९३० मध्ये प्रागला म्युलर कुटुंबाची व्हिला पुरी केली, तेव्हा दिवाणखान्याला खराखुरा, हिरवट शिरांचा सिपोलिनो संगमरवर लावला होता. खरा संगमरवर परवडणाऱ्यांनी खोट्याविरुद्ध नियम करणं सोपं असतं. त्यामुळे शीटवाल्यांना लूजच्या कोर्टात उभं करायची आमची इच्छा नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. नक्कल झाली म्हणून बिघडत नाही. ती म्हातारी कशी होते, ते बघायला हवं. सागाचा खांब काळवंडतो, त्याला उभ्या भेगा जातात, तरी तो भारदस्त दिसतो. शीटचा एक कोपरा निघाला की मात्र मागचा सिलिकॉनचा ठिपका आणि भिंतीचा पांढरा पुट्टीचा भाग एकदम उघडा पडतो, आणि सगळी भिंतच खोटं बोलत होती असं वाटायला लागतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे दुखणं उशिरा सुरू होतं, पारनेरला लवकर. पर्जन्यछायेतला कोरडा माळ, उन्हाळ्यातली वावटळ, अंगणातली माती. काळ्या चकचकीत टाइलवर सकाळी पुसलेलं दुपारी दिसत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर काळे मॅट नळ आणि काळं ग्रॅनाइट वर्षभरात पांढऱ्या क्षारांनी वेलबुट्टीदार होतात. रील काढणाऱ्याच्या घरात धूळ नसते. असली तरी ती रीलपुरती पुसलेली असते.

त्यातही मुंबईकरांच्या घरांची गोष्ट न्यारी. या तालुक्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर टुमदार बंगले वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात. यात्रेला, दिवाळीला, मे महिन्यात दार उघडतं. बंद घरात हवा खेळत नाही, वाळवीला कोणी हटकत नाही. मोरीला लागून असलेलं कपाट खालून फुगतं, सनमाइकाची कड सुटते, आणि ट्रॉली उघडायला गेलं की हँडल हातात येतं. अशा घरात प्लायवुड लावायचंच असेल तर निदान ओलाव्याच्या जागी आयएस ७१० चा शिक्का असलेलं, बीडब्ल्यूपी म्हणून विकलं जाणारं घ्यावं. एमडीएफ तिथे नकोच. खरं तर अशा घराला कडप्प्याच्या फळ्या आणि लोखंडी कपाटं पुरतात. पण मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला गावच्या घरात लोखंडी कपाट बघवत नाही, हेही आम्हाला समजतं.

मग कमी पैशात घर भारी कशाने दिसतं? आमचं मत असं, की मालापेक्षा हाताने दिसतं. महागड्या बंगल्यात शिरल्यावर डोळ्याला जे सुखावतं त्यात संगमरवराइतकाच वाटा सरळ रेघांचा असतो. चौकटीची उभी कड ओळंब्यात आहे, स्विचबोर्ड एका पातळीत आहेत, स्कर्टिंग भिंतीच्या बाहेर बोटभर आलेलं नाही. फरशीच घ्या. दोन बाय चारच्या टाइलचा हॉल असेल आणि मिस्त्रीने मागच्या कोपऱ्यापासून काम सुरू केलं, तर दारात येता येता दोन इंचाची कापलेली पट्टी उरते. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचा पहिला पाय त्या पट्टीवर पडतो. तीच टाइल, तेच सिमेंट, पण आधी सुक्या टाइल मांडून बघितल्या आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली, तर ती पट्टी सोफ्यामागे जाऊन निजते. स्पेसर लावून सांधे सारखे ठेवले, ग्राउट टाइलच्या रंगाचं भरलं, की साठ रुपये फुटाची टाइल शंभराच्या टाइलसारखी दिसते. उलटं केलं तर शंभराची साठाची.

अडचण इथेच आहे. मजुरी चौरस फुटावर ठरली की मिस्त्रीचा हात पळतो. मालावर दुकानदाराशी भाव करताना आपण दोन-चार रुपये सोडतो, पण मजुरीत फुटाला पाच रुपये वाढवायचे म्हटले की जिवावर येतं. टाइल एक पायरी खालची घ्यावी आणि तो फरक मिस्त्रीला द्यावा, हा आमचा सल्ला. त्याला एक प्रामाणिक उत्तरही आहे: चांगला मिस्त्री पुण्याला, रांजणगावला कामावर गेलेला असतो, आणि जादा पैसे दिले तरी जो मिळतो तो तसाच काम करतो. हे खरंच आहे. अशा वेळी काम त्याच्या हाताला झेपेल असं निवडावं. मोठ्या टाइलचा नाद सोडून दोन बाय दोनची घ्यावी, पॅनलच्या नक्षीऐवजी भिंत नीट घासून एका रंगात रंगवावी. साध्या कामातल्या चुका तरी पटकन दुरुस्त होतात.

फरशीचाच आणखी एक वाद आहे. पुण्याकडचे कितीतरी वास्तुकार आज हौसेने कोटा, शहाबाद, कडप्पा वापरतात. पॉलिश केलेला कोटा तिथे अभिरुचीची खूण मानला जातो. इकडे मात्र शहाबादी उखडून चकचकीत टाइल टाकण्याची घाई. यावर हळहळणारे लेख आपण वाचतो. ती हळहळ आम्हाला निम्मीच पटते. शहाबादी उन्हाळ्यात गार राहते, धूळ लपवते, वर्षानुवर्षं टिकते, आणि यंत्राने पॉलिश केली तर खरोखर देखणी दिसते. खर्चही नव्या टाइलपेक्षा कमी. पण जिने लहानपणापासून खडबडीत फरशीवर गुडघे टेकून पोतेरं फिरवलंय, तिला त्या दगडात सौंदर्य दिसत नाही. तिला त्यात कष्ट दिसतात. तोच प्रकार दगडी भिंतींचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं माणसांवर कोसळली. त्यानंतर घराघरात सिमेंटच्या स्लॅबवर जो विश्वास बसला तो नुसता फॅशनचा नव्हता. ज्यांच्याकडे शहाबादी चांगल्या अवस्थेत आहे त्यांनी ती उखडण्याआधी एका खोलीत पॉलिश करून बघावी. नाही आवडली, तर टाइल कुठे पळून जात नाही.

उजेडाबाबत मात्र आम्ही ठाम आहोत. आपल्याकडे पिवळा दिवा म्हणजे जुना साठ वॅटचा बल्ब, लोडशेडिंगचे दिवस. पांढरा लख्ख उजेड म्हणजे सुधारणा. म्हणून दीड लाखाचं सीलिंग करून त्यात ६५०० केल्विनचे निळसर पांढरे दिवे ठोकले जातात, आणि हॉल मेडिकलच्या दुकानासारखा दिसतो. ३००० किंवा ४००० केल्विनच्या दिव्याची किंमत जवळपास तेवढीच असते. छताच्या मधोमध एका भडक दिव्याऐवजी भिंतीकडे तोंड केलेले दोन-तीन मवाळ दिवे लावले की साध्या रंगाची भिंतही खोल दिसते. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पांढरा दिवा वेगळा ठेवावा. एवढ्यासाठी फॉल्स सीलिंग लागत नाही. गिलावा व्हायच्या आधी वायरिंगच्या नळ्या योग्य जागी टाकून घ्याव्या लागतात, आणि ते आठवायला हवं तेव्हा कोणाला आठवत नाही.

फॉल्स सीलिंगची बाजूही ऐकली पाहिजे. वायरिंग उघडं राहिलंय, बीम हॉलच्या मधून विचित्र जागी गेलाय, तर ते झाकायला सीलिंगइतका सोपा उपाय नाही. गच्चीखालच्या खोलीत मधल्या हवेमुळे उकाडाही थोडा कमी होतो. पण नुसत्या उकाड्यासाठी करायचं असेल तर गच्चीला पांढरा चुना मारणं कितीतरी स्वस्त. आणि नऊ फुटांच्या खोलीत सीलिंग खाली आलं, की पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटतो आणि खोली महाग दिसायच्या ऐवजी बसकी दिसते.

हे सगळं अर्थात ज्यांच्याकडे तीन-चार लाख उरतात त्यांच्यासाठी. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार मिळतात, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. तिथे सजावटीचा विषय काढणं म्हणजे चेष्टा. तरी एवढं म्हणता येईल, की समोरासमोर दोन खिडक्या आणि आतून फिक्या रंगाची सफाईदार भिंत मिळाली, तर त्या पावणेतीनशे चौरस फुटांतही माणसाला मोकळं वाटतं. खिडकी कुठे ठेवायची, याला अनुदान लागत नाही.

उरला पैशाच्या वाटणीचा प्रश्न, आणि तिथे आमचं तराजू एका बाजूला झुकतं. इंटेरियरच्या खर्चात हॉलचा वाटा भलताच मोठा असतो. स्वयंपाकघराला उरलेली टाइल, एक ओटा आणि पाठीमागच्या भिंतीत एक छोटी खिडकी. घरातली बाई दिवसातला सगळ्यात जास्त वेळ तिथे काढते. ओट्याची उंची तिच्या उंचीप्रमाणे ठेवायला एक रुपयाही जास्त लागत नाही, पण मिस्त्री ठरलेल्या मापाने बांधून मोकळा होतो आणि तिची कंबर पुढची वीस वर्षं ते माप भोगते. टीव्हीच्या भिंतीवरच्या चाळीस हजारांतले पंधरा हजार इकडे वळवले, तर खिडकी मोठी होते, वर एक्झॉस्ट बसतो, ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि दोन स्टीलच्या ट्रॉल्या होतात, सिंकवर वेगळा दिवा येतो. लग्नाच्या बाजारात हॉल लागतोच, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगावंसं वाटतं. स्थळ बघायला आलेली पुरुषमंडळी हॉलमध्ये बसून सीलिंग बघतात हे खरं. पण मुलीची आई आणि मावशी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जातात, आणि ओटा, मोरी, धुराने काळी झालेली भिंत बघूनच बाहेर येतात.