गाडी दोन इंच उचलण्याआधी मागचा अ‍ॅक्सल बघा

वाशिंद स्टेशनबाहेर थोडा वेळ उभे राहा. शेअरिंगच्या जीप, पिकअप, बोलेरो आणि मध्येच एखादी मोठ्या टायरची, उंच केलेली थार दिसेल. शहापूर-मुरबाड पट्ट्यात गाडी मॉडिफाय करायची हौस वाढली आहे आणि गॅरेजमधला पहिला सल्ला ठरलेला असतो: दोन इंच उचलू, टायर मोठे टाकू. माझ्या मते हा सल्ला बहुतेकांसाठी चुकीचा आहे. पैसे खर्चायचेच असतील तर ते मागच्या अ‍ॅक्सलवर, तेही विचार करून खर्च करावेत.

आधी सस्पेन्शन. २०१० मध्ये आलेल्या थारला मागे पाटे होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या थारला मागे अखंड अ‍ॅक्सलच आहे, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल जागेवर धरणारे दांडे आहेत. पाटा दोन कामे करतो: वजन पेलतो आणि अ‍ॅक्सल जागेवर धरतो. म्हणून तो स्वस्त, दणकट आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारा. कॉइलला अ‍ॅक्सल धरता येत नाही, त्यासाठी वेगळे दांडे आणि बुश लागतात. पण पाट्यांमधले घर्षण नसल्याने खड्ड्यात चाक मोकळेपणाने खाली-वर होते आणि जमिनीला धरून राहते. रोज भाताची पोती किंवा दहा माणसे वाहणाऱ्याने पाट्यांची गाडी कॉइलवर नेऊ नये. आठवडाभर कामावर आणि रविवारी माळशेजला जाणाऱ्याला कॉइलच बरी.

खरी गडबड होते ती ‘एक पाटा वाढवून द्या’ म्हटल्यावर. भरलेली गाडी खाली बसत नाही, मालक खूश. पण रिकामी गाडी खड्ड्यावर मागून उडते आणि ओल्या वळणावर मागचे टायर पकड सोडतात. त्याहून गंभीर गोष्ट क्वचितच कोणी सांगते. काही गाड्यांमध्ये मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. बॉडी अ‍ॅक्सलच्या किती जवळ आली, यावरून तो वजन ओळखतो. पाटा वाढवला किंवा गाडी उचलली की बॉडी वरच राहते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. कसारा घाट उतरताना, गाडी भरलेली असताना, हे नको.

आता गिअर. डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन असतात. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील, तर रेशो ३.७३. पिनियन १० दातांचा असेल, तर ४.१०. आकडा मोठा तितकी चढावर ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. इंजिनीअरिंगला हे सगळे आम्ही फळ्यावर शिकलो. घाटात क्लचचा वास आला की ते लवकर समजते.

टायर बदलल्यावर रेशो न बदलताही बदलतो. २४५/७५ आर १६ टायरचा व्यास साधारण ७७४ मिमी. त्याजागी २८५/७५ आर १६ टाकला तर साधारण ८३४ मिमी, म्हणजे पावणेआठ टक्के जास्त. ३.७३ ची गाडी आता ३.४६ सारखी वागते. चढावर दम कमी, सुटताना क्लचवर ताण आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा वेग ८६. हे भरून काढायला ४.१० चा सेट बसवतात. फोर बाय फोर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सललाही तोच रेशो हवा, नाहीतर फोर व्हील लावल्यावर दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात. म्हणजे खर्च दुप्पट. आणि टायर कंपनीचेच ठेवून फक्त ४.१० टाकले, तर जिथे इंजिन २,००० फेऱ्यांवर निवांत चालायचे तिथे २,२०० लागतील. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाल्यापासून शहापूरच्या गाड्या मोठ्या रस्त्यावर जास्त धावतात. तिथे हा फरक डिझेलमध्ये दिसतो.

मग पावसात शेताच्या बांधावर एक चाक गरगर फिरत बसते, त्याचे काय? तो दोष रेशोचा नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो; घसरणाऱ्या चाकाला जेवढा लागतो तेवढाच दुसऱ्याला. चिखलात तो जवळजवळ शून्य. यावर उपाय लॉकिंग डिफरन्शियल. थारच्या काही मॉडेलमध्ये ते कंपनीकडूनच मिळते: कमी वेगात दोन चाकांच्या गतीत सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लॉक होते. कायम लॉक राहणारे, वेल्डिंग केलेले डिफरन्शियल मात्र रस्त्यावरच्या गाडीत घालू नका. वळणावर आतले-बाहेरचे चाक वेगवेगळे फिरू शकत नाही, ओल्या डांबरावर गाडी सरळ ओढते आणि अ‍ॅक्सलचे शाफ्ट तुटतात.

कायद्याचेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सांगितले की, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते ती वेगळीच. झिजलेले पाटे, बुश किंवा शॉकअप त्याच मापाचे नवे टाकणे ही दुरुस्ती आहे, तिला कोणाची हरकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी झिजलेले बुश आणि शॉकअप, मग टायर कंपनीच्या मापाचे पण चिखलात पकड देणाऱ्या नक्षीचे. नवी गाडी घेणार असाल तर लॉकिंग डिफरन्शियल असलेले मॉडेल शोरूममध्येच मागा. आणि गॅरेजवाला पाटा वाढवायला निघाला, तर त्याला एकच विचारा: ब्रेकच्या व्हॉल्व्हची सेटिंग परत करणार का?