चिक्कीसाठी साचे नकोत, कढई घ्या

संक्रांत जवळ आली की दुकानांत सिलिकॉनचे साचे, ट्रे, सुऱ्यांचे संच मांडले जातात. माझं मत विचाराल तर पैसे जाड बुडाच्या कढईत घाला. पातळ भांड्यात गूळ कडेला करपतो आणि मधे कच्चा राहतो. मग चिक्की दाताला चिकटते. गूळही चिक्कीचाच आणा. थर्मामीटरवाचून माझं कधी अडलं नाही. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकते. तो दाबल्यावर वाकला तर अजून थांबायचं. कट्कन मोडला की लगेच गॅस बंद करून भाजलेले, सोललेले दाणे घालायचे. तूप लावलेलं पोळपाट-लाटणं आधीच हाताशी हवं, गोळा बघता बघता कडक होतो. वड्याही गरम असतानाच कापा. मुलांना मात्र लांब ठेवा, हा पाक कातडीला चिकटून भाजतो.