तेरचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी रोमन बाजारात जायचं, आज तेरहून युरोपचं तिकीट स्वस्तात कसं मिळतं?

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हटलं की आधी आठवतात संत गोरोबाकाका. पण इतिहासाच्या अभ्यासकांसाठी हे गाव म्हणजे 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख येतो. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं शहर आणि इथलं कापड, मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जातं, असं त्यात लिहिलंय. तिथून माल जहाजाने तांबड्या समुद्रात आणि पुढे इजिप्तमार्गे रोमन बाजारात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी तिचं असलेलं साम्य अभ्यासक आवर्जून सांगतात.

या सगळ्या व्यापाराची चावी वाऱ्याच्या हातात होती. इजिप्तहून भारताकडे येणारी जहाजं जुलैच्या सुमारास नैऋत्य मोसमी वाऱ्यावर सुटायची. ती वेळ हुकली की थेट पुढच्या वर्षीच.

आता याच तेरमधून, किंवा धाराशिव-लातूर पट्ट्यातल्या कुठल्याही गावातून युरोपला निघायचं असेल तर वारा आडवा येत नाही. आडवं येतं तिकीट. इन्स्टाग्रामवर "एवढ्याशा पैशात युरोप" सांगणारी रील्स रोज दिसतात. प्रत्यक्षात शोधायला बसलं की मे महिन्याचा आकडा त्याच्या दुप्पट दिसतो. रीलवाला खोटं बोलत असतोच असं नाही. तो बहुतेक वेळा फेब्रुवारीतला भाव सांगत असतो आणि आपण मे महिन्यात जायचं म्हणत असतो.

एका विमानात इतके भाव कसे?

विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी सारखेच पैसे भरलेले असतील याची काही खात्री नसते. इकॉनॉमीच्या सीट कंपनी अनेक भावगटांत विभागून ठेवते. स्वस्त गटातल्या सीट संपल्या की पुढचा गट उघडतो. मागणी कमी वाटली तर बंद केलेला स्वस्त गट पुन्हा उघडलाही जातो. इन्कॉग्निटोमध्ये शोधल्याने किंवा मंगळवारी मध्यरात्री बुकिंग केल्याने तिकीट स्वस्त होतं, हे म्हणूनच फारसं खरं नाही. भाव मुख्यतः सीट किती उरल्या आणि मागणी किती, यावर हलतो.

एक गोष्ट मात्र खरंच उपयोगी आहे. समजा स्वस्त गटात तीनच सीट उरल्यात, भाव ५२ हजार. पुढच्या गटाचा भाव ६१ हजार. तुम्ही चौघांसाठी एकत्र शोधलंत तर बहुतेक यंत्रणा चौघांनाही ६१ हजारच दाखवतात. तिघांचं वेगळं आणि एकाचं वेगळं काढलं तर २७ हजार वाचतात. बुकिंग दोन झाली तर विमान कंपनीला सांगून ती जोडून घ्यायची, म्हणजे विमान रद्द झालं तर घरातला एकजण मागे राहत नाही.

मग मे महिन्यातच का महाग?

महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी लागते मेच्या सुमारास आणि ती संपते जूनच्या मध्यावर. त्याच सहा आठवड्यांत देशभरातली कुटुंबं निघतात, टूर कंपन्यांनी ग्रुपच्या सीट आधीच धरून ठेवलेल्या असतात आणि तिकडे युरोपातही हंगाम सुरू झालेला असतो. शिक्षक असाल किंवा पोरं शाळेत असतील तर दुसरा पर्यायही नसतो. तेरमधल्या निवृत्त जोडप्याला सप्टेंबरमध्ये जाता येतं. शाळेच्या नोकरीत असलेल्या जोडप्याला ते जमत नाही, आणि त्या न जमण्याची किंमत तिकिटात मोजावी लागते.

त्यात गेल्या वर्षी बाहेरच्या घडामोडींची भर पडली. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली आणि बंदी पुढे वाढतच गेली. तिचा मोठा फटका दिल्लीहून जाणाऱ्या विमानांना आहे. मुंबईची विमानं तशीही अरबी समुद्रावरून जाऊ शकतात, त्यामुळे इथून वळसा कमी पडतो. वर्षभर बंदी राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवल्याच्या बातम्या होत्या. जूनमध्ये अहमदाबादची दुर्घटना झाली आणि कंपनीने मोठ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या काही काळ १५ टक्क्यांनी कमी केल्या. सीट कमी झाल्या की स्वस्त गट आधी संपतो.

दुसरीकडे नवी विमानंही आली. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट सेवा सुरू केली.

दुबई, दोहा, अबुधाबीमार्गे जाणारं तिकीट थेट विमानापेक्षा बऱ्याचदा स्वस्त असतं. हे थोडं उलटं वाटतं, कारण इंधन जास्त, विमानं दोन. पण थेट विमानाला वेळेची किंमत लावता येते आणि आखाती कंपन्यांना तुम्हाला त्यांच्याकडे ओढायचं असतं. त्यांनाही मोकळं रान नाही. भारत-दुबई करारात दोन्हीकडच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार सीटची मर्यादा आहे. दुबईला ती वाढवून हवी आहे. भारत सरकार भारतीय कंपन्यांनी थेट विमानं वाढवावीत म्हणून तयार नाही. भारतीय कंपन्यांचं हित जपण्यात चूक काही नाही, पण तोवर जादा पैसे प्रवासीच भरतो.

मुंबईच का? हैदराबाद बघा

मराठवाड्यातला माणूस युरोपचं तिकीट शोधताना सवयीने मुंबई टाकतो. पुण्याहून युरोपला थेट विमान नाही. पण तेरहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता, जुन्या लोकांना ती वाट नवी नाही. हैदराबादहून ब्रिटिश एअरवेज लंडनला जाते, लुफ्थान्साने जानेवारी २०२४ मध्ये फ्रँकफर्टची आणि केएलएमने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमची सेवा सुरू केली. दरवेळी हैदराबादच स्वस्त पडेल असं नाही, मुंबईत स्पर्धा जास्त आहे. पण दोन्ही शहरं टाकून बघायला दहा मिनिटं लागतात. मुंबईच्या भावात घरापासून विमानतळापर्यंतची गाडी आणि एका रात्रीचा लॉज मिळवला की चित्र बदलू शकतं.

तसंच उतरायचं शहर आणि परतीचं शहर एकच असायला हवं असं नाही. रोमला उतरून पॅरिसहून परत असं तिकीट 'मल्टी-सिटी'त काढलं तर पॅरिसहून रोमला माघारी येण्याचा खर्च आणि एक दिवस दोन्ही वाचतात.

दोन सापळे मात्र आहेत. एक, लंडनमार्गे जाणारं स्वस्त तिकीट. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. दोन, वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडून केलेला प्रवास. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर ती जबाबदारी कोणीच घेत नाही.

खरी अडचण व्हिसाची

स्वस्त तिकीट लवकर काढावं लागतं आणि ते बहुतेक वेळा परत होत नाही. पण व्हिसा मिळण्याआधी तिकीट पक्कं करू नका, असं दूतावासच सांगतात, अर्जाला आरक्षण पुरतं. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले, त्यातले १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे जवळपास दर सातात एक. नकार आला तर फीही परत मिळत नाही. ती फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलाय. आईवडील आणि दहा वर्षांचं पोर, असे तिघे जायचे तर नुसती फीच साडेबावीस हजारांच्या वर जाते. केंद्राचं सेवाशुल्क आणि पुण्या-मुंबईची फेरी वेगळी.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर २ टक्के टीसीएस आधी भरावा लागतो. सहा लाखांच्या पॅकेजवर १२ हजार. तो पैसा बुडत नाही, इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. नुसतं विमानाचं तिकीट काढलं तर ते पॅकेजमध्ये मोडत नाही, त्यामुळे हा टीसीएस लागत नाही.

आता उरतो तारखेचा प्रश्न. शाळेला बांधलेल्या कुटुंबाला मे सोडला तर दिवाळीची सुट्टी उरते. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळी उशिरा. नोव्हेंबरात युरोपात थंडी असते, दिवस लवकर मावळतो आणि पर्यटक कमी असतात. त्यामुळे तिकडची हॉटेलं उतरलेली असतात आणि विमानाचे भावही मेच्या तुलनेत खाली येण्याची शक्यता जास्त. तोवर शिवारातली सोयाबीनची काढणीही उरकलेली असते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण १५ दिवस लागतात, अडलं तर ४५. १० नोव्हेंबरला निघायचं असेल तर १० मेपासून अर्ज करता येईल. जूनच्या शेवटापर्यंत व्हिसा हातात आला तर स्वस्त गटातल्या सीट धुंडाळायला चार महिने मोकळे मिळतात.