वाळूजची मोटारसायकल आणि रांगेतला स्कूटरवाला

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औद्योगिक इतिहासात १९८५ हे वर्ष ठळक अक्षरांत लिहिले जाते. त्या वर्षी वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक यांसारखे सुटे भाग बनविणारे उद्योग त्याच्या आधाराने वाढले आणि शहराचे रूप पालटले. या यशाची किंमत कोणी मोजली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ती मोजली स्कूटरच्या जुन्या ग्राहकाने.

पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. परवाना-राज्यात उत्पादनावर सरकारी मर्यादा होती. त्यामुळे नोंदणी केल्यानंतर स्कूटर दारात यायला कधीकधी दहा-दहा वर्षे लागत. एवढी वाट पाहून मिळालेली वस्तू माणूस जिवापाड जपतो. थंडीत चेतक सुरू होईना, की मालक तिला एका अंगावर कलती करी, पुन्हा उभी करी आणि किक मारी. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे हे त्याला पाठ असे. पुढे लहान मूल उभे, मागे पत्नी, पायाशी भाजीची पिशवी: हे मध्यमवर्गाचे संपूर्ण वाहन होते.

ही निष्ठा होती की नाइलाज? दोन्ही. आणि कंपनीची गल्लत येथेच झाली.

१९९८ हे साल पाहावे. त्या वर्षी वाळूजमधून ‘कॅलिबर’ मोटारसायकल बाहेर पडली, तर आकुर्डीतून चार-स्ट्रोक ‘लेजंड’ स्कूटर. पुढची दिशा वाळूजने ठरवली. २००१ मध्ये ‘पल्सर’ आली आणि कंपनीचे चित्त मोटारसायकलीवर स्थिरावले. २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबले. डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटरचा व्यवसायच सोडत असल्याचे जाहीर केले. त्या निर्णयाने राहुल बजाज दुखावले आणि त्यांनी ते जाहीरपणे बोलूनही दाखवले.

जुने यंत्र बंद करण्यात गैर काही नव्हते. धूर सोडणारे, गिअरचे, किकवर चालणारे वाहन कालबाह्य झालेच होते. नफ्याच्या हिशेबातही मोटारसायकलचा निर्णय खरा ठरला. परंतु यंत्र म्हातारे झाले म्हणून त्यावर बसणारा म्हातारा होत नाही. त्याला हवी होती सोपी, सामान ठेवता येणारी, घरातल्या प्रत्येकाला चालवता येणारी स्कूटर. विनागिअरची, बटणावर सुरू होणारी गाडी १९८४ मध्येच कायनेटिक होंडाने दाखवून दिली होती. २००१ मध्ये होंडाने ‘अ‍ॅक्टिव्हा’ आणली. बजाजची विनागिअरची ‘क्रिस्टल’ २००७ मध्ये आली, आणि दोनेक वर्षांत गेलीही. पुढच्या दशकात देशातील दुचाकी विक्रीत स्कूटरचा वाटा सुमारे एक-तृतीयांशावर गेला. ग्राहक कोठेही गेला नव्हता. त्याने फक्त दुकान बदलले होते.

दरम्यान जुन्या चेतक रस्त्यावर ठेवल्या त्या गल्लीबोळांतल्या मेकॅनिकांनी. क्लचची केबल, कार्ब्युरेटरची सफाई, स्टेपनीची अदलाबदल, हे ज्ञान त्यांच्या हातांत उरले. कंपनीच्या इतिहासात त्यांना जागा मिळायला हवी.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाजने विजेवरची स्कूटर दाखवली आणि तिला नाव दिले ‘चेतक’. ज्यांच्याकडे दहा वर्षे पाठ फिरवली, त्यांच्याच आठवणीच्या भांडवलावर नवा माल उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये विक्री सुरू झाली ती पुणे आणि बंगळुरू येथे. वाळूजच्या शहरातला स्कूटरवाला पुन्हा एकदा रांगेतच होता.