वर्ष कधीपासून मोजायचं, ते आधी विचारा!

मित्रांनो, 'चालू वर्षाची आजपर्यंतची एकूण विक्री' हे शब्द वाचून पान उलटवू नका. हा लेख अकाउंट्सवाल्यांसाठी नाही, आपल्यासाठीच आहे. नोकरी लागली की आपल्यापैकी कितीतरी जण रिपोर्ट बनवायच्या कामाला लागणार आणि साहेब सगळ्यात आधी हाच आकडा मागणार!

माझ्या मामांचं महालात हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मोठ्या थाटात त्यांना पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट करून दिला. महिन्यामहिन्याची विक्री, तिचा ग्राफ आणि वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात वर्षाची चालू बेरीज. मामा खूश! "आता वही बंद करा," असं मी मामींना सांगूनही टाकलं. मामींनी नुसतं हसून घेतलं. वही काही बंद झाली नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात मामांचा फोन आला. "भाच्या, तुझा कम्प्युटर अजून सहाच लाख दाखवून राहिला. चाळीसला बराच टाइम आहे, नाही का?"

हे चाळीस म्हणजे काय? आपल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्या दुकानाची उलाढाल एका आर्थिक वर्षात ४० लाखांच्या वर गेली, की ३० दिवसांच्या आत जीएसटी नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा आहे. ती ओलांडल्याचं कळलंच नाही, तर गिऱ्हाइकाकडून न घेतलेला कर खिशातून भरायचा, वर व्याज आणि दंड वेगळा.

तेवढ्यात मामींनी फोन घेतला. "बाबू, माझ्या वहीत तर एकोणचाळीस होऊन राहिले. बाकीचे कुठं गेले रे?"

माझ्या पोटात गोळा आला. एप्रिल ते डिसेंबर ३३ लाख, जानेवारी ते फेब्रुवारीचा अर्धा महिना ६ लाख. पॉवर बीआयचं वर्षाच्या चालू बेरजेचं फंक्शन, आपण वेगळं सांगितलं नाही तर, वर्ष ३१ डिसेंबरला संपलं असं धरतं. म्हणजे १ जानेवारीला माझी बेरीज गुपचूप शून्यावर गेली होती! नोव्हेंबरात रिपोर्ट तपासला तेव्हाही आकडा चूकच होता, कारण त्यात गेल्या वर्षाचे जानेवारी ते मार्च मिसळले होते. ग्राफ छान दिसत होता, म्हणून मी वहीशी ताडून पाहिलंच नाही.

गंमत म्हणजे दुरुस्ती दोन मिनिटांची. त्याच फंक्शनला वर्ष ३१ मार्चला संपतं एवढं सांगायचं. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नसेल, तर प्रत्येक तारखेतून तीन महिने वजा करायचे आणि येणाऱ्या सालाप्रमाणे गट पाडायचे. एप्रिल २०२४ चा जानेवारी २०२४ होतो, मार्च २०२५ चा डिसेंबर २०२४. दोन्ही २०२४ च्याच गटात. झालं आर्थिक वर्ष!

पण मुद्दा फंक्शनचा नाही. कम्प्युटरने बेरीज बरोबरच केली होती. "वर्ष कुणाचं?" हे मी विचारलं नव्हतं. सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. हवामान खातं पावसाळ्याचा एकूण पाऊस १ जूनपासून मोजतं. आपल्या विदर्भाच्या कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. कितीतरी व्यापारी दिवाळीत नवी वही पुजतात. यातल्या एकाचंही वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही!

आणि सुरुवात बरोबर धरली तरी चालू बेरीज सगळं सांगत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, लोकांच्या घरांत पाणी शिरलं. १ जूनपासूनच्या बेरजेत ती रात्र म्हणजे फक्त एक उडी. म्हणून चालू बेरजेशेजारी त्या त्या दिवसाचा किंवा महिन्याचा आकडा हवाच.

काही मित्र म्हणतात, "धंद्याचं ज्ञान नोकरीत मिळेलच, आता फक्त टूल शिकून घे." मला हे पटत नाही. टूल दर दोन वर्षांनी बदलतं. ज्याच्यासाठी रिपोर्ट करतो त्याच्या शेजारी बसून त्याची वही वाचायची सवय मात्र आत्ताच लागली पाहिजे. निदान प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात तरी कीबोर्डला हात न लावता हेच करावं.

मामांनी वेळेत नोंदणी केली. मी मामींची वही नीट पाहिली. प्रत्येक पानाच्या तळाची बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहिलेली, आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात '१ एप्रिल'. आता माझ्या रिपोर्टमध्येही बेरजेखाली लिहिलेलं असतं, "१ एप्रिलपासून". बघा, तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय का?