सवलत ऑनलाइन, पण सल्ला कोण देणार?

फ्लिपकार्टने 2007 मध्ये धंदा सुरू केला तो पुस्तकांपासूनच. 2013 मध्ये ॲमेझॉन भारतात आलं. 2018 मध्ये मुंबईतलं, 1948 पासूनचं स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं. मोठ्या कंपन्यांइतकी सवलत लहान दुकानदाराला परवडत नाही. भाडं, पगार त्याच्याच माथी. मोहम्मद अली रोड, भेंडी बाजारची पुस्तकांची दुकानंही यातून सुटलेली नाहीत. पण इथलं नुकसान वेगळं आहे. मराठीतली दीनी पुस्तकं बहुतेक छोटे प्रकाशक काढतात. त्यांना अशाच दुकानांचा आधार. ऑनलाइन नाव माहीत असेल तेच सहज सापडतं. कुराणाचा कोणता मराठी तर्जुमा मुलांना सोपा जाईल, हे दुकानदारच सांगतो. रमजानच्या खरेदीला गेलात तर मुलांना घेऊन तिथेही जरूर डोकवा.