नाताळ, नांगर आणि एक डबा

मागच्या डिसेंबरात ऑफिसात सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या फिरत होत्या. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने आपली चिठ्ठी न उघडताच परत टाकली. तो कोर्लईचा. पावसाळ्यात त्याची आई गेली होती. "अरे चल ना, मूड फ्रेश होईल!" टीम लीड म्हणाली. तो नुसता हसला. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. बाबा गेले त्या दिवाळीत मीही तसाच हसायचो.

आपल्याकडे एक बरं आहे. घरात कोणी गेलं की त्या वर्षी सण नाही, फराळ शेजारचे आणून देतात. रोह्याला त्या दिवाळीत आमच्या ओट्यावर सात घरांचे सात डबे होते. (आईने सातही चकल्या चाखून नावं ठेवली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा ती मूळपदावर आली!) कोणीही शुभेच्छा दिल्या नाहीत. डबा ठेवायचा आणि निघायचं.

तर मुद्दा असा, की सणात दुःखी माणसाला हसवायला जाऊच नये. त्याच्यासाठी डबा ठेवावा. मी खरोखरच ठेवला!

जिओकॅशिंग हा खेळ काहींना माहीत असेल. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधा, वहीत नाव लिहा, काही घेतलंत तर काही ठेवा. संपले नियम. म्हणजे जवळजवळ. धर्माचा प्रचार डब्यातून करायचा नाही, हाही एक आहे, आणि तो मला पटतो. पत्रकं कोंबलेला डबा उघडायला कोण जाईल?

पण कल्पना ख्रिस्ती आहे हे कबूल. मित्राकडून कळलं, की नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ. दर रविवारी एक मेणबत्ती, त्यातली पहिली आशेची. आनंदाची नंतर. आधी नुसती वाट पाहायची, अंधारात. आणि आशेचं जुनं चिन्ह म्हणजे नांगर, रोमच्या भुयारी दफनभूमीतसुद्धा कोरलेला. होडीचाही नांगर आणि शेताचाही नांगर, हे मराठीत जमतं... असो.

म्हणून डब्याचे दोन टप्पे केले. पहिला पेणला, तिथे डबा नाहीच. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीतून चालायचं आणि एका पाटीवरचे आकडे टिपायचे. डिसेंबरात तिथे पुढच्या वर्षीचे बाप्पा बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे रांगेत बसलेले असतात. आगमनकाळच की तोही! मग गाडीने रोहा, आणि कुंडलिकेच्या काठावर नातेवाइकांच्या वाडीत डबा. परवानगी घेऊन, पारदर्शक, वर नाव-नंबर लिहून. (स्टेशनात किंवा पुलाखाली लपवायची हौस असेल तर आवरा. बेवारस डबा दिसला की पोलीस येतात, आणि यायलाच हवेत.) झाडाखाली मोबाइल पाच-दहा मीटर चुकतो, त्यामुळे थोडं शोधावं लागतंच.

आत वही, पेन्सिल आणि लाकडी नांगर. बस्स.

"दुःखी माणसाला कशाला उन्हात फिरवतोस?" असं एकाने विचारलं. घरी बसून तो काय करतो ते मला माहीत आहे म्हणून. आपण न पाहिलेली वस्तू ठरलेल्या जागी असेल, एवढ्या भरवशावर दोन तास चालणं मला त्या वर्षी जमलं असतं. पार्टी जमली नसती.

डब्यासमोरून वाहणारी कुंडलिका कोर्लईपाशीच समुद्राला मिळते. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेतून झालेली बोली गावातले जेमतेम हजारभर लोक अजून घरात बोलतात.

मित्राला मी फक्त आकडे पाठवले. तो कधी गेला ते सांगितलं नाही. जानेवारीत पाहिलं तर वहीत पहिली नोंद त्या बोलीतली, चार ओळींची. मला वाचता आली नाही, अर्थही विचारला नाही. पावसाळ्याआधी प्लास्टिकची पिशवी तेवढी बदलून आलो.